लोकसभेत ५४३ च खासदार का? जागा वाढवाव्यात की आहेत त्याच फेरवाटाव्यात?

गोदाकाठ
धाकटी बहीण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा तिच्या वहीत वाचलं : "लोकसभा, कमाल ५५०, प्रत्यक्षात ५४३." तिने विचारलं, "दादा, हा ५४३ आला कुठून?" मला सांगता आलं नाही. शोधायला बसलो आणि दोन रात्री त्यातच गेल्या.

जे सापडलं ते असं. कोणत्या राज्याला किती जागा हे आजही १९७१ च्या जनगणनेवर ठरलेलं आहे. तेव्हा देशाची लोकसंख्या ५५ कोटींच्या आत होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा गोठवल्या, आणि ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत वाढवली. १६ जून २०२५ ला नव्या जनगणनेची अधिसूचना निघाली. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. म्हणजे ती "२०२६ नंतरची पहिली" हीच.

माझं मत आधीच सांगतो : जागा वाढल्याच पाहिजेत. १९५१-५२ ला साधारण सव्वासतरा कोटी मतदार आणि ४८९ जागा होत्या, म्हणजे एका जागेमागे साडेतीन लाख. २०२४ ला मतदार जवळपास ९७ कोटी आणि जागा ५४३, म्हणजे जागेमागे पावणेअठरा लाख. पाचपट माणसं एकाच खासदाराच्या दारात उभी आहेत. तुम्हाला काय वाटतं?

तळटीप
धागा वेळेवर काढलात. बहिणीला सांगा, प्रवास असा आहे : ४८९ वरून वाढत १९७१ ला ५१८, १९७७ ला ५४२. शेवटची एक जागा गोव्यामुळे आली. १९८७ ला गोवा राज्य झालं, दमण-दीव वेगळं पडलं आणि त्याला स्वतःचा खासदार मिळाला. झाले ५४३.

चाफेकळी
आमच्या वेळी पुस्तकात ५४५ होते की!

तळटीप
@चाफेकळी, बरोबर. राष्ट्रपती अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य नेमू शकत. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती तरतूद जानेवारी २०२० पासून संपली. जुन्या गाइडमधला ५५२ हा कमाल आकडाही त्यामुळेच आता ५५० झाला. परीक्षेला हमखास येतं.

रानजाई
मी आरोग्य खात्यात एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी परिचारिका होते. १९८१ पासून अठ्ठावीस वर्षं. भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवतो ना सगळ्यांना? तो त्रिकोण घेऊन आम्ही वाडीवाडीवर चालत गेलो. सासूला समजवायचं, नवऱ्याला समजवायचं, मग त्या बाईला एकटीला गाठून विचारायचं की तुला काय हवंय. पावसाळ्यात ओढा उतरेपर्यंत पलीकडेच बसून राहायचं. एक म्हातारी मला दारातून हाकलायची. तिनेच पुढे आपल्या धाकट्या सुनेला माझ्याकडे पाठवलं.

हे काम काही राज्यांनी मन लावून केलं. केरळ, तमिळनाडू आणि आपणही बऱ्यापैकी. आता त्याच कामामुळे त्यांच्या जागा कमी होणार असतील तर मला ते अन्यायाचं वाटतं. तमिळनाडूने हे एकदा सोसलंय. १९६२ ला त्यांच्या ४१ जागा होत्या, १९६७ ला ३९ झाल्या. गोठवण्यामागे हीच भीती होती, की कुटुंबनियोजन करणाऱ्याला शिक्षा नको.

आकडेमोड
रानजाईताई, तुमचा प्रतिसाद वाचून पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. नवे आकडे यायचेत, म्हणून २०११ ची जनगणना धरली. १२१ कोटी भागिले ५४३, म्हणजे जागेमागे सव्वाबावीस लाख. लोकसंख्येच्या प्रमाणात आजच वाटप केलं तर उत्तर प्रदेश ८० वरून ८९-९०, बिहार ४० वरून ४६-४७, राजस्थान २५ वरून ३०-३१. तमिळनाडू ३९ वरून ३२, केरळ २० वरून १५. महाराष्ट्र ४८ वरून ५० च्या आसपास.

आपण मधोमध आहोत. ना फार कमावणार, ना फार गमावणार. म्हणून आपल्याकडे या विषयावर कुणी बोलत नाही, आणि म्हणूनच आपण बोलायला हवं. ज्याचं नुकसान होत नाही त्याचं म्हणणं दोन्ही बाजू ऐकून घेतात.

उत्तरेचा_वारा
नोकरीमुळे बारा वर्षं जयपूरला आहे. दुसरी बाजू मांडतो. रानजाईताईंच्या कष्टांना नमस्कार. पण माझ्या शेजारच्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरीने काय गुन्हा केला? राजस्थानात एका खासदारामागे २०११ च्या हिशेबाने सव्वासत्तावीस लाख माणसं, केरळात पावणेसतरा लाख. पुढच्या लोकसभेला ती पहिल्यांदा मत देईल तेव्हा तिच्या मताचं वजन कोचीतल्या तिच्याएवढ्या मुलीच्या दोन तृतीयांश भरणार नाही. आजी-आजोबांनी किती मुलं जन्माला घातली याचा हिशोब नातीच्या मतातून का वळता करायचा? "एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य" हे तत्त्व आपणच अभिमानाने सांगतो ना?

रानजाई
@उत्तरेचा_वारा, त्या पोरीबद्दल लिहिलंत ते काळजाला लागलं. माझ्याकडे उत्तर नाही. पण कोचीतल्या पोरीचा खासदारही कमी व्हायला नको.

गोदाकाठ
म्हणूनच मी म्हणतो की एकूण आकडा वाढवा. कुणाचाही आजचा आकडा कमी न करता ज्यांची लोकसंख्या वाढली त्यांना जास्त द्या. नव्या संसद भवनातल्या लोकसभेत ८८८ आसनं आहेत. जागा आहे.

स्पष्टवक्ता
मी पूर्ण विरोधात आहे. आसनं आहेत म्हणून माणसं बसवायची हा कसला न्याय?

२०१७ च्या हिवाळी अधिवेशनात जुन्या इमारतीतल्या प्रेक्षक गॅलरीत बसण्याचा योग आला होता. मोबाइल, पेन, पाकीट सगळं खाली जमा. शुक्रवार दुपार होती, खासगी (मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेल्या) विधेयकांची वेळ. खाली हिरवा गालिचा, अर्धगोलातली बाकं आणि त्या बाकांवर मोजून चाळीसएक माणसं. एक सदस्य हातात टिपणं घेऊन मनापासून बोलत होते आणि समोर ऐकायला कुणी नव्हतं. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. खासगी विधेयकांची गत तर माहीतच असेल. स्वातंत्र्यानंतर आजवर जेमतेम १४ कायद्यात उतरली, शेवटचं १९७० ला.

पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. सतराव्या लोकसभेच्या २७४. दिवसाला तारांकित प्रश्न २०, त्यातल्या मोजक्यांनाच तोंडी उत्तर मिळतं. आहेत त्या ५४३ जणांना बोलायला वेळ मिळत नाही, तिथे ८०० झाले तर एकेकाच्या वाट्याला काय येणार? आधी बैठकांचे दिवस वाढवा, मग माणसं.

अनुस्वार
+१. वर पक्षादेश असतोच. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर मत कुठे टाकायचं हे प्रतोद सांगतो. मग ५४३ काय आणि ८८८ काय, डेस्कवरचं बटण तेच दाबायचं.

वैनगंगा
स्पष्टवक्ता आणि अनुस्वार, तुम्ही दोघंही खासदाराकडे दिल्लीच्या बाजूने बघताय. मी आमच्या बाजूने सांगते.

मी गडचिरोली-चिमूर मतदारसंघातली. राखीव, अनुसूचित जमाती. सहा विधानसभा क्षेत्रं : आमगाव, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, ब्रह्मपुरी, चिमूर. आमगाव गोंदिया जिल्ह्यात, ब्रह्मपुरी आणि चिमूर चंद्रपुरात, बाकीची गडचिरोलीत. वरच्या टोकाला मध्य प्रदेश-छत्तीसगडची हद्द, खालच्या टोकाला सिरोंचा, नदीपलीकडे तेलंगणा. वर हिंदीच्या वळणाची बोली, मध्ये गोंडी आणि झाडीबोली, खाली तेलुगू. हे सगळं एका माणसाने सांभाळायचं. त्याच्या हाती खासदार निधी वर्षाला ५ कोटी, आणि हा आकडा शहरातल्या तीन-चार तासांत पालथा घालता येणाऱ्या मतदारसंघालाही तेवढाच.

माझ्या वडिलांना पुलाच्या मागणीचं निवेदन द्यायचं होतं. पहाटे चारच्या गाडीने निघाले, दोन गाड्या बदलल्या आणि पोचले तेव्हा साहेब दुसऱ्या टोकाला दौऱ्यावर. कुणाची चूक नव्हती. दौऱ्यावर जाणं हे त्यांचं कामच. वडील निवेदन स्वीय सहायकाकडे देऊन रात्री एकला परत आले. "पोच मिळाली," एवढंच म्हणाले, आणि जेवायला बसले.

मला ८८८ नकोत की ५४३ नकोत, हे ठाऊक नाही. खासदार एका दिवसात गाठता यावा, एवढंच मागणं आहे.

चाफेकळी
वैनगंगा, प्रतिसाद दोनदा वाचला.

सह्याद्रीपार
वैनगंगाताईंचं पटलं. आमचा मावळ बघा. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत नवा झाला. पिंपरी, चिंचवड आणि मावळ घाटावर. पनवेल, कर्जत, उरण घाटाखाली. एकीकडे कारखान्यातला कामगार, दुसरीकडे उरणचा कोळी, मध्ये बोरघाट. पावसाळ्यात वर धुकं आणि खाली पूर, आणि दोन्हीकडची तक्रार एकाच कार्यालयात. शिरूरचंही तसंच : जुन्नर-आंबेगावचे डोंगर आणि हडपसर-भोसरीची गर्दी एका दावणीला. संख्या जुळवायची म्हणून असं होतं. महाराष्ट्रात २८८ ला ४८ ने भागलं की सहा येतात, म्हणून सहा-सहा विधानसभा एकत्र बांधायच्या.

जुनी_पाने
मावळ नवा आला तसे जुने गेलेही. खेड, कराड, इचलकरंजी, पंढरपूर, एरंडोल, राजापूर. राजापूर गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते यांचा तो मतदारसंघ. आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग. माझी आई अजून "आमचो राजापूर" असंच म्हणते.

थोडं अवांतर, पण इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पहिल्या लोकसभेत एका मतदारसंघातून दोन-दोन खासदारही निवडून यायचे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ ला उत्तर मुंबईतून लढले तो मतदारसंघ असाच द्विसदस्य होता. राखीव जागेवर नारायण काजरोळकर जिंकले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत तेच झालं : सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब हरले. ज्यांनी घटनेचा मसुदा घडवला त्यांना त्याच घटनेने उभ्या केलेल्या लोकसभेत बसता आलं नाही. दर वेळी हे लिहिताना हात थांबतो.

तळटीप
@जुनी_पाने, द्विसदस्य मतदारसंघ बंद कसे झाले हीही गोष्ट आहे. १९५७ ला आंध्रातल्या पार्वतीपूरममधून व्ही. व्ही. गिरी उभे होते. अनुसूचित जमातीच्या दोन्ही उमेदवारांना त्यांच्यापेक्षा जास्त मतं पडली, त्यामुळे एक राखीव जागेवर आणि दुसरे सर्वसाधारण जागेवर विजयी ठरले. गिरी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितलं की आदिवासी उमेदवाराला सर्वसाधारण जागा जिंकण्याचा पूर्ण हक्क आहे. पुढे १९६१ च्या कायद्याने सगळे द्विसदस्य मतदारसंघ मोडले आणि एक मतदारसंघ, एक खासदार असं झालं. गिरी नंतर राष्ट्रपती झाले.

मैथिली_ना
इतके प्रतिसाद झाले आणि बायकांचा विषय अजून कुणी काढला नाही!

१९५२ ला २२ महिला निवडून आल्या होत्या. २०१९ ला ७८, २०२४ ला ७४. सत्तर वर्षांनी ५४३ मध्ये ७४. सप्टेंबर २०२३ मध्ये एक तृतीयांश आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्ती झाली. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी. आमच्या बचत गटात त्या दिवशी पेढे वाटले. मग कुणीतरी बारीक अक्षरातलं वाचून दाखवलं : आधी जनगणना, मग मतदारसंघ पुनर्रचना, आणि मगच आरक्षण.

म्हणजे तुम्ही सगळे उत्तर-दक्षिण, ५४३-८८८ यावर जितकी वर्षं भांडाल, तितकी वर्षं आमचं आरक्षण कपाटात. मला ग्रामपंचायतीत आरक्षणामुळेच उभं राहता आलं. पहिल्या सभेत माझ्याऐवजी यजमानांना खुर्ची दिली होती. तिसऱ्या सभेत मी ती खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली. आरक्षण नसतं तर त्या खोलीत शिरलेच नसते. दिल्लीतल्या खोलीचंही तसंच आहे.

चिंचेचं_बन
मैथिलीताई, तुमची ती तिसरी सभा बघायला हवी होती!
बाकी जनगणना व्हायच्या आधीच इतकं भांडण म्हणजे बाजारात तुरी...

मैथिली_ना
तुरी बाजारात आल्या की भाव दुसरेच ठरवतात. म्हणून आत्ताच बोलायचं. :)

आकडेमोड
मूळ प्रश्नाकडे येतो. एक तडजोड अशी सुचवतात की एकूण जागा वाढवा, पण राज्यांचं आजचं प्रमाण तसंच ठेवा. ८८८ धरले तर महाराष्ट्र ७८, उत्तर प्रदेश १३१, तमिळनाडू ६४. टक्केवारी जशीच्या तशी.

अनुस्वार
पण आज उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूत ४१ चा फरक आहे, तो ६७ होईल.

आकडेमोड
फरक वाढतो, पण बहुमतही २७२ वरून ४४५ वर जातं. सभागृहात मतांचं प्रमाण चालतं, त्यामुळे कुणाची ताकद घटत नाही. खरी अडचण वेगळी आहे. उत्तरेचा_वारा यांच्या शेजारच्या मुलीला यातून काहीच मिळत नाही. तिच्या मताचं वजन कोचीच्या तुलनेत तेवढंच राहतं.

उत्तरेचा_वारा
मिळतं. तिचा खासदार सव्वासत्तावीस लाखांऐवजी सतरा लाखांचा होईल. वैनगंगाताईंच्या वडिलांना पहाटे चारला निघावं लागणार नाही, तसंच तिलाही. मताच्या वजनाचा आग्रह मी सोडत नाही, पण त्यासाठी तिने आणखी वीस वर्षं थांबावं असंही मला वाटत नाही. थोडं आत्ता, थोडं पुढे.

स्पष्टवक्ता
वैनगंगा यांचा प्रतिसाद वाचल्यापासून डोक्यात तेच आहे. मी गॅलरीतून रिकामी बाकं मोजत होतो. त्यातला एखादा सदस्य त्या दुपारी कुठेतरी सिरोंच्यासारख्या ठिकाणी असेल हे मनात आलं नव्हतं. विरोध थोडा मवाळ करतो. जागा वाढवा, पण त्याच विधेयकात वर्षाला किमान इतक्या बैठका हेही लिहा. घटनेत आज फक्त एवढंच आहे की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको.

रानजाई
याला माझं अनुमोदन.

भीमाथडी
उशिरा आलो. एक गोष्ट कुणी लिहिली नाही. राज्याला किती जागा हे गोठलेलं होतं, पण राज्यातल्या सीमा नव्हत्या. निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवर त्या बदलल्या आणि २००९ ला आपण नव्या मतदारसंघांत मतदान केलं. त्या आयोगात प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य होते, पण त्यांना मतदानाचा अधिकार नव्हता. मसुदा प्रसिद्ध झाला, हरकती मागवल्या, जाहीर सुनावण्या झाल्या.

आमच्या गावानेही हरकत दिली होती. आमचा बाजार, शाळा, दवाखाना सगळं नदीच्या अलीकडे, आणि मसुद्यात आमचं महसूल मंडल पलीकडे टाकलेलं. गावातले पाच जण भाड्याची जीप करून सुनावणीला गेलो. सभागृहात एवढी गर्दी की दारात उभं राहावं लागलं. आमचा नंबर लागला तेव्हा सरपंचांना दोनएक मिनिटं मिळाली. नदीचं नाव सांगितलं, पूल नाही हे सांगितलं. तेवढ्यात मागून दुसऱ्या तालुक्याची माणसं पुढे सरकली. अंतिम आदेशात आम्ही पलीकडेच राहिलो.

नंतर लक्षात आलं की आमच्याकडे नकाशा नव्हता. लोकसंख्येचा तक्ता नव्हता. आमचं मंडल अलीकडे घेतलं तर बदल्यात पलीकडे काय द्यायचं, हे आम्ही सांगितलंच नाही. ज्यांचं ऐकलं गेलं त्यांनी ते मांडलं होतं.

गोदाकाठ
भीमाथडी, हे सोन्यासारखं आहे. म्हणजे ८८८ की आणखी किती हे संसद ठरवेल, पण आपलं गाव कुणाबरोबर बांधलं जाईल यात आपल्याला बोलता येतं. वैनगंगाताई, तुमच्याकडच्या अंतरांचा, गाड्यांच्या वेळांचा तक्ता करायचा का? मी आणि बहीण मदत करू. २०११ च्या जनगणनेचे गावनिहाय आकडे आम्ही काढायला घेतो.

वैनगंगा
करू या. वडिलांना विचारते. चारची गाडी कुठे किती वेळ थांबते हे त्यांना पाठ आहे.

आकडेमोड
तक्त्याची बेरीज माझ्याकडे.

भीमाथडी
आमच्या त्या हरकतीची प्रत आणि पोचपावती अजून ट्रंकेत आहे. रविवारी फोटो काढून टाकतो. काय लिहायचं राहून गेलं तेही लाल पेनाने खुणा करून दाखवतो.